गवताच्या आखूड धावपट्टीवर उतरताना: ब्रेक नाहीतच असं धरून चला

छोटं विमान गवती धावपट्टीच्या टोकाला कुंपणात जाऊन बसलं की सगळे कुंपणापाशी गोळा होतात. मला उलट्या दिशेनं चालत जायची सवय आहे. कुंपणाकडून मागे यायला लागलं की आधी दिसतात चाकं घसरल्याचे दोन पट्टे. गवत एकाच दिशेला झोपलेलं, वरून चकचकीत, कुणी ओल्या फडक्यानं पुसून काढल्यासारखं. खालची माती मात्र जेमतेम खरवडलेली. म्हणजे चाकं ब्रेकनं जाम झाली होती, पण त्यांना धरायला काही मिळालंच नाही. आणखी मागे आलं की चाकं पहिल्यांदा टेकल्याची खूण सापडते, आणि ती कितीतरी वेळा पट्टीच्या मध्याच्याही पुढे असते. वैमानिक सांगतो, "ब्रेक लागलेच नाहीत." खरं असतं त्याचं. फक्त ब्रेकनं भरून काढावं एवढं अंतर तेव्हा उरलेलंच नसतं.

लांबलचक डांबरी धावपट्टीवर शिकून लायसन्स मिळवलेल्या आणि आता गवतावर जायची इच्छा असलेल्या नव्या वैमानिकांसाठी हे लिहितोय. तुमच्या विमानाचं हँडबुक आणि शेजारच्या सीटवर बसलेला, गवतावर हात बसलेला प्रशिक्षक यांच्या खालोखाल याला जागा द्या. पहिल्या काही फेऱ्या त्याच्याशिवाय करू नका.

पायरी १: निघण्याआधी कागदावर उतरा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण इथे चूक झाली तर पुढे कितीही छान उडवलं तरी निभावत नाही.

उदाहरणाला सेसना १७२एस घेऊ. पूर्ण वजन, समुद्रसपाटी, प्रमाण तापमान, वारा नाही, पट्टी कोरडी आणि पक्की. ५० फुटांच्या अडथळ्यावरून येऊन पूर्ण थांबेपर्यंत लागणारं अंतर हँडबुकप्रमाणे १,३३५ फूट, म्हणजे साधारण ४०७ मीटर. त्यातली जमिनीवरची धाव ५७५ फूट, म्हणजे १७५ मीटर. आता तक्त्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात दिलेल्या अटी वाचा: फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण, ५० फुटांवर वेग ६१ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), आणि ब्रेक जास्तीत जास्त. हा आकडा निघाला तेव्हा विमान नवं होतं, ब्रेक नवे होते आणि चालवणारा कसलेला होता. तुमचं विमान भाड्याचं आहे आणि टायरची नक्षी निम्मी गेली आहे.

कोरड्या गवतासाठी हेच हँडबुक जमिनीवरच्या धावेच्या ४५ टक्के वाढवायला सांगतं. १७५ चे ४५ टक्के म्हणजे ७९ मीटर. बेरीज झाली ४८६. त्यावर हातचं राखण्यासाठी १.४३ ने गुणायचं. हा गुणक आकाशातून पडलेला नाही. प्रवासी घेऊन धंदा करणाऱ्या छोट्या विमानांना उपलब्ध अंतराच्या ७० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे असा नियम असतो, आणि १ भागिले ०.७ म्हणजे १.४३. हौशी वैमानिकाला तो अनेक ठिकाणी सक्तीचा नाही, नुसती शिफारस आहे. मी सक्तीचाच धरतो. ४८६ गुणिले १.४३ म्हणजे ६९५ मीटर.

४०७ वाचून ५०० मीटरच्या पट्टीवर निघालेला माणूस आणि ६९५ काढून घरी बसलेला माणूस यांच्याकडे हँडबुक एकच असतं.

आता गवत ओलं करा. ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणानं छोट्या विमानांसाठी दिलेले गुणक सोपे आहेत आणि हँडबुक गप्प असेल तिथे कामाला येतात. घट्ट जमिनीवर २० सेंटिमीटरपर्यंतचं कोरडं गवत १.१५, ओलं गवत १.३५. अगदी बारीक कापलेलं ओलं गवत मात्र साबणासारखं निसरडं होतं. तिथे अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. ४०७ ला १.६ आणि मग १.४३ ने गुणलं की ९३१ मीटर होतात. नव्या माणसाला बारीक कापलेली हिरवळ बघून हायसं वाटतं. पहाटेचं दव पडलेलं असेल तर तीच सगळ्यात वाईट.

दोन टक्के उतारावर उतरत असाल तर आणखी १.१. हे गुणक एकमेकांना गुणायचे असतात, त्यांची बेरीज करायची नसते. ही चूक फार जण करतात.

वाऱ्याचा हिशेब तर मुद्दाम पाठ करण्यासारखा आहे. याच १७२ ला समोरून ९ नॉट वारा असेल तर अंतर १० टक्के कमी होतं. पाठीमागून मात्र दर २ नॉटला १० टक्के वाढतं. नऊ नॉटनी जेवढं दिलं तेवढं दोन नॉटनी काढून घेतलं. "वारा काय, नावालाच आहे" असं म्हणत मागच्या वाऱ्यात उतरलेले पुष्कळ जण कुंपणापर्यंत गेले आहेत.

आणि याच कागदावर उड्डाणाचं अंतरही काढा. अशा पट्ट्यांवर उतरता येतं पण निघता येत नाही, असं सर्रास होतं. मग पंख काढून ट्रेलरवरून विमान परत न्यायची वेळ येते.

पायरी २: पट्टीची चौकशी, आणि जमलं तर पायी फेरी

मालकाची परवानगी लागतेच. त्याला फोन केलात की "पट्टी कशी आहे?" असं विचारू नका; उत्तर "मस्त" असंच येणार, कारण त्याला तिची सवय आहे. नेमकं विचारा. गवत शेवटचं कधी कापलं? पाऊस कधी झाला? ओल कुठे साचते? तारा कुठल्या बाजूला आहेत? गुरं सोडलेली असतात का? कुठल्या बाजूनं उतरायचं, आणि का?

आधी रस्त्यानं जाऊन पट्टी पायी पाहता आली तर सोन्याहून पिवळं. टाच दाबून बघा. बूट रुतत असेल तर चाकही रुतणार. उंच गवतात हात घालून खालची जमीन चाचपा, कारण बिळं, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि मातीचे उंचवटे वरून दिसत नाहीत. पुढचं चाक अशा खड्ड्यात गेलं की त्याचा दांडा मोडतो, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि इंजिन उघडून तपासावं लागतं. विमान कितीही हळू चाललेलं असो. प्रोपेलरचं नुसतं टोक घासलं असलं तरी ही तपासणी टळत नाही.

जागोजागी मनात खुणा करा: पट्टीचा पहिला तिसरा भाग कुठे संपतो, मध्य कुठे आहे. एखादं झाड, फाटक, रंगवलेला दगड. पुढे त्यांची फार गरज पडणार आहे.

पायरी ३: वरून बघा, मग एकदा उतरायचं नाही म्हणूनच या

पट्टीवर पोहोचल्यावर आधी वरून एक फेरी मारा. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) असलाच तर तो फक्त स्वतःपुरतं सांगतो. झाडांच्या आड थ्रेशोल्डवर, म्हणजे पट्टीच्या सुरुवातीला, काय चाललंय ते त्याला माहीत नसतं. धूर, पाण्यावरच्या लहरी, पिकावरून जाणारी लाट, हे सगळं बघा. झाडांच्या रांगेवरून येणारा वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली कोसळतो. त्यात शिरलं की विमान अचानक बसतं, आणि रांग जिथे तुटते तिथे आडव्या वाऱ्याचा धक्का बसतो.

तारा शोधू नका, त्या दिसत नाहीत. खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहे असंच समजा.

मग पहिली अप्रोच (उतरणीवरून पट्टीकडे येणं) गो-अराउंडसाठीच, म्हणजे न उतरता पुन्हा वर निघण्यासाठीच करा, आधीच ठरवून. पट्टीच्या उजव्या कडेनं, कायदा आणि शेजाऱ्यांचा विचार करून सुरक्षित उंचीवरून जा. पृष्ठभाग दिसतो, वारा कळतो. याहून मोठा फायदा म्हणजे इथून वर निघता येतं हे हातांना कळतं. ज्यानं एकदा गो-अराउंड केलेलं असतं त्याला दुसऱ्यांदा करायला लाज वाटत नाही.

पायरी ४: फायनल

बेसवरून (पट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (पट्टीच्या सरळ रेघेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना पट्टीची रेघ ओलांडली गेली तर ओढूनताणून वळण घट्ट करू नका. ३० अंशांच्या कलात स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते) साधारण ७ टक्के वाढतो, ४५ अंशांत १९, ६० अंशांत ४१. त्यात रडरनं (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूनं) नाक आत ढकललं तर विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली जातं, आणि तिथे सावरण्याएवढी उंची नसते. आखूड पट्टीचे सगळ्यात जीवघेणे अपघात पट्टीवर होतच नाहीत, ते इथे होतात. पट्टी चुकली? सरळ वर जा, पुन्हा या.

३०० फुटांवर येईपर्यंत सगळं बसलेलं असावं: फ्लॅप, वेग, रेघ, उतरण्याचा दर. काचेतून पट्टीच्या सुरुवातीचा एक ठिपका निवडा. तो काचेत वर सरकत असेल तर तुम्ही आखूड पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. जागचा हलला नाही तर तिथेच पोहोचणार.

डोळे इथे दगा देतात. तुमच्या नजरेत रुंद डांबरी पट्टीचा आकार बसलेला आहे. गवती पट्टी अरुंद असते, म्हणून आपण फार वर आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली येत झाडांच्या शेंड्यांना भिडतो. पट्टी चढाची असेल तरी तसंच वाटतं. उताराच्या पट्टीवर उलट: आपण खाली आहोत असं वाटतं, माणूस वर राहतो आणि पलीकडे जातो. अरुंद आणि चढाची पट्टी म्हणजे दुहेरी फसवणूक. उतरणीचा कोन दाखवायला तिथे दिवे नसतात, म्हणून तो न हलणारा ठिपका आणि वेगाचा काटा, दोघांवरच नजर फिरवत राहा.

वेगाबद्दल जरा थांबून बोलतो. भीती वाटली की हात आपोआप पाच नॉट जास्त ठेवतो. "थोडा वेग हाताशी असलेला बरा" हे वाक्य लांब पट्टीवर चालून जातं. वेग १० टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा २१ टक्के वाढते. शिवाय तो वेग आधी हवेतच खर्च होतो: ६१ नॉट म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलून धरताना) विमान फक्त तीन सेकंद जास्त तरंगलं तरी ९० मीटरहून जास्त पट्टी पायाखालून गेली.

यात एक छुपी गोष्ट आहे. ते ६१ नॉट पूर्ण वजनाचे, १,१५७ किलोचे. तुम्ही एकटेच, टाक्या अर्ध्या, वजन ९३० किलोच्या आसपास असेल तर तितकीच सुरक्षितता साधारण ५५ नॉटलाच मिळते, कारण स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे उतरतो. म्हणजे काटा ६१ वर अगदी शिस्तीत धरूनही तुम्ही सहा नॉट जास्तीचे घेऊन आलेले असता. हलक्या विमानात "पुस्तकाप्रमाणे केलं, तरी तरंगत का राहिलं?" या प्रश्नाचं उत्तर हेच. आपल्या विमानाचा हलक्या वजनाचा वेग प्रशिक्षकाबरोबर बसून काढा आणि लांब पट्टीवर आधी सराव करा.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. ठरलेल्या वेगाखाली, नाक वर, इंजिनच्या जोरावर लोंबकळत येणारं विमान थ्रॉटल कमी करताच दगडासारखं बसतं. जमिनीलगत समोरचा वारा एकदम मंदावतो, तेव्हा तर हटकूनच. अशा उतरण्यात चाकांचे दांडे मोडतात.

उंचीचाही हिशेब सांगून ठेवतो. तीन अंशांच्या उतरणीवर थ्रेशोल्डवर ५० फुटांऐवजी १०० फुटांवर असाल तर चाकं सुमारे २९० मीटर पुढे टेकतात. पाचशे मीटरच्या पट्टीवर हे परवडण्यासारखं नाही, आणि नाक खाली दाबून ते वसूलही होत नाही, कारण दाबलेल्या नाकाचा वेग होतो.

पायरी ५: टेकणं आणि थांबणं

मागची चाकं आधी, पुढचं चाक शक्य तितका वेळ हवेत. गवत ऊबडखाबड असतं आणि पुढच्या चाकाचा दांडा हा विमानाचा सगळ्यात नाजूक अवयव आहे. विमान उसळलं आणि तुम्ही नाक खाली दाबून ते "बसवायला" गेलात, तर पुढचं चाक आधी आपटतं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते, आणि तिसऱ्या-चौथ्या आपटीला दांडा जातो. उसळी छोटी असेल तर नाक तिथेच धरा आणि विमानाला पुन्हा बसू द्या. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल, गो-अराउंड.

पुढचं चाक टेकलं की स्टिक पोटाशी ओढून ठेवा, म्हणजे वजन मागच्या चाकांवर राहतं. हँडबुक सांगत असेल तर फ्लॅप वर घ्या; पंखांची उचल जाते आणि चाकांना जमीन मिळते. चाकं आत घेता येणाऱ्या विमानात मात्र पूर्ण थांबेपर्यंत कुठल्याच लीव्हरला हात लावू नका. घाईत भलतीच लीव्हर ओढली जाते.

ब्रेक हलके, टप्प्याटप्प्यानं. पेडल दाबूनही वेग कमी होत नाही असं वाटलं की पाय आणखी जोरात दाबतो, हा माणसाचा स्वभाव. जाम झालेलं चाक ओल्या गवतावर आवाजसुद्धा करत नाही. डांबरावर टायर किंचाळतो, इथे सगळं शांत, फक्त कुंपण मोठं होत जातं. अशा वेळी पाय सोडा, चाक पुन्हा फिरू द्या, मग परत हलकेच दाबा. शेपटीला चाक असलेल्या विमानात जोरात ब्रेक म्हणजे नाकावर उलटणं, आणि रडरवरचे पाय ढिले पडले तर गोल गिरकी. अशा विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय आखूड पट्टीचा विचारही नको.

पायरी ६: गो-अराउंड, आणि त्याची वेळ टळल्यावर

पट्टीच्या पहिल्या तिसऱ्या भागात चाकं टेकली नाहीत तर वर जायचं, हा ढोबळ नियम. पायी फिरताना पाहून ठेवलेला दगड किंवा फाटक इथे कामाला येतं. पुढे झाडं उंच असतील, पट्टी चढाची असेल, तर ही रेषा आणखी अलीकडे ओढा. काही पट्ट्या अशा असतात की एका टोकाला डोंगर किंवा दाट झाडी, वर निघायला वाटच नाही. तिथे निर्णयाची जागा फायनलवरच येते: या झाडाच्या खाली गेलो की उतरायचंच. अशा पट्ट्या नव्या वैमानिकासाठी नाहीत.

क्रम तोंडपाठ असू द्या. पूर्ण थ्रॉटल, कार्ब्युरेटर हीट (आत बर्फ धरू नये म्हणूनची गरम हवा) चालू असेल तर बंद, रडरवर उजवा पाय. विमान उतरण्याच्या वेगाला ट्रिम केलेलं (समतोल लावून ठेवलेलं) असतं, म्हणून ताकद मिळताच नाक जोरानं वर उसळतं. ते दाबून धरा. फ्लॅप एका टप्प्यानं वर (१७२एस मध्ये २० अंशांवर), वेग येऊ द्या, मग हळूहळू बाकीचे. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर विमान खाली बसतं.

आणि समजा उशीर झाला. चाकं मध्याच्या पुढे टेकली, ब्रेक लावलेत, गवत ओलं आहे, कुंपण समोर आहे. आता थ्रॉटल उघडायचा मोह आवरा. १५ नॉटला कुंपणात गेलेल्या विमानाची ऊर्जा ६० नॉटच्या विमानाच्या सोळाव्या हिश्श्याएवढी असते. पट्टे घट्ट बांधलेले असतील तर अशा धडकेतून माणसं बहुधा चालत बाहेर येतात. झाडांवरून निघायच्या प्रयत्नात ५० फुटांवर स्टॉल झालेल्या विमानातून येत नाहीत. थ्रॉटल बंद, इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनाची ठिणगी) बंद, मास्टर (विजेचं मुख्य बटण) बंद, दार किलकिलं, आणि दोन झाडांच्या मधली जागा शोधा. पंख गेले तर जाऊ द्या. थांबल्यावर आधी बाहेर पडून लांब जा, मग फोन.

उतरल्यावर

इंजिन बंद करून चहा शोधायच्या आधी पट्टीवर परत चालत जा. थ्रेशोल्डपासून पावलं मोजत, चाकं पहिल्यांदा टेकल्याची खूण सापडेपर्यंत. मग तिथून विमान थांबलं त्या जागेपर्यंत. दोन्ही आकडे लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहा, शेजारी गवताची उंची, ओल आणि वारा. माझ्या पहिल्या गवती उतरण्याचा आकडा मी बराच काळ कुणाला दाखवला नव्हता. पट्टीवरून मला वाटलं होतं की अगदी सुरुवातीलाच टेकलोय, आणि पावलं भरली दोनशे दहा.